व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी सोलापुरात कुणी केलीय का? नळी नसते म्हणे, खरं हाय का?

भाकरीवाला
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड जागेचा हाय पण विचारून टाकतो. माझं वय ५२, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही, पोटाची तक्रार शून्य. आमच्या साडूला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, वय माझ्याएवढंच, तेव्हापासनं घरात सगळे मागं लागलेत की तू पण तपासून घे. फॅमिली डॉक्टर म्हणले कोलोनोस्कोपी करून टाका. मी म्हणलं भूल देऊन आत कॅमेरा घालायचं काम आपल्याच्यानं होणार नाही. मग पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं की व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणून एक असतंय, सीटी स्कॅनमध्येच होतंय, भूल नाही, नळी नाही, पोट साफ करायची भानगड नाही, झोपायचं अन पंधरा मिनटात घरी. एवढं सोपं असंल तर सगळे तेच का करत नाहीत ओ? ज्यांनी केलंय त्यांनी स्पष्ट सांगा, लाजू नका, मी पण लाजलो नाही.

नवी_पेठ
व्हर्च्युअल म्हणजे दुकानात बसूनच होत असंल, क्यूआर कोड लावायचा अन रिपोर्ट घ्यायचा 😀

सीटीवाला
मी सीटी रूममध्येच काम करतो, म्हणून सांगतो. पोरानं सांगितलेल्यातलं भूल नाही हे खरं. बाकी दोन्ही गोष्टी चूक. नळी असते आणि पोट पण साफ करावंच लागतं.

नळी कसली ते सांगतो म्हणजे भीती जाईल. कॅमेऱ्याची लांबडी नळी नव्हे, मऊ रबरी बारीक नळी, संडासच्या जागेतून जेमतेम दोन-तीन इंच आत जाते, बाहेर सरकू नये म्हणून टोकाला छोटा फुगा असतो. त्यातनं आतडं फुगवायला गॅस सोडतात. हे फुगवणं म्हणजेच निम्मी टेस्ट. आतडं रिकामं असलं की भिंती एकमेकाला चिकटून बसलेल्या असतात, त्यात कोंब (त्यालाच पॉलिप म्हणतात, काहींचा पुढं कॅन्सर होऊ शकतो) असला तरी दिसणार कुठनं? सायकलची ट्यूब पंक्चर काढायला आधी हवा भरून घेतात तसंच. चांगल्या सेंटरला कार्बन डायऑक्साइडचं मशीन असतं, प्रेशर बघून हळूहळू सोडतंय, काही ठिकाणी हातपंपानं साधी हवा भरतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो म्हणून नंतर पोट फुगून कळा मारत नाहीत. साध्या हवेला वेळ लागतो. फोनवर नंबर लावतानाच विचारून घ्या कुठला गॅस वापरता.

मग एक स्कॅन पाठीवर झोपून, एक पालथं झोपून. पालथं होता येत नसंल तर कुशीवर. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा. दोनदा कशाला असं पेशंट हमखास विचारतात. आत राहिलेलं पाणी, मळाचे बारके खडे कूस बदलली की जागा सोडतात, भिंतीला चिकटलेला पॉलिप सोडत नाही, त्यावरनं कळतं कुठला कोण. आणि एका बाजूला जे आतडं नीट फुगलं नाही ते दुसऱ्या बाजूला फुगतं. टेबलावरचं सगळं काम १५-२० मिनटांचं. पोट गच्च झाल्यासारखं वाटतं, जोरात संडासला लागल्यासारखं वाटतं, कुणाकुणाला चांगलीच कळ येते. दुखतच नाही असं सांगणारा खोटं सांगायलाय.

पेशंट गेल्यावर रेडिओलॉजिस्ट कॉम्प्युटरवर आतड्यातनं फिरल्यासारखं थ्रीडी चित्र बघतात, शिवाय साधे कापही बघतात. हे वाचणं शिकावं लागतंय. पोटाचा सीटी सगळीकडं होतो म्हणजे ही तपासणी पण सगळीकडं होते असं नाही, सॉफ्टवेअर पाहिजे अन वाचणारा सरावलेला पाहिजे.

सिस्टर_अक्का
सीटीवाले भाऊ बरोबर बोलायलेत. मी एंडोस्कोपीच्या खोलीत बरीच वर्षं काढलीत, माझ्याकडनं पोट साफ करायचं ऐका कारण लोकांची खरी फजिती तिथंच होते, टेस्टमध्ये नाही.

साधी कोलोनोस्कोपी असो नाहीतर सीटीची, आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध चुकत नाही. त्याआधी दोन-तीन दिवस चोथा नसलेलं खायचं. आता आपल्या सोलापुरात हेच अवघड. ज्वारीची भाकरी बंद, कडक भाकरी तर नावच काढू नका, शेंगाचटणी बंद, पालेभाजी बंद, पेरू बंद, डाळिंब बंद, टोमॅटो-वांग्याच्या बिया बंद, जानेवारी असला तर हुरडा पण बंद. चालतंय काय तर पांढरा भात, ताक, वरणाचं गाळलेलं पाणी, बटाटा, रव्याची पेज. आदल्या दिवशी सगळं पातळच, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, सरबत, बिनदुधाचा चहा. लोक सगळं पाळतात आणि रात्री म्हणतात एवढीशी चटणी काय करतीय. शेंगदाण्याचे तुकडे आतड्याच्या घडीत बसतात अन दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर पॉलिपसारखे दिसतात, मग बसा.

सीटीच्या टेस्टला एक औषध जास्तीचं असतं. बेरियम नाहीतर आयोडीन असलेलं पातळ औषध आदल्या दिवशी प्यायला देतात. ते राहिलेल्या मळात, पाण्यात मिसळतं आणि स्कॅनमध्ये पांढरंफेक उठून दिसतं, म्हणजे डॉक्टरला कळतं हा मळ, हे आतडं. हे प्यायचं विसरलं तर पुढची सगळी मेहनत वाया. आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी आधी कधी आली असंल तर नंबर लावतानाच सांगायचं.

शुगरवाल्यांनी उपाशी राहायच्या दिवशी नेहमीची गोळी, इन्सुलिन तसंच ठोकायचं नाही, डोस विचारून घ्यायचा. किडनीचा त्रास असंल तर दुकानातनं कुठलंही जुलाबाचं औषध उचलायचं नाही, फॉस्फेटवाली औषधं अशा लोकांना बाधतात, डॉक्टरनं लिहून दिलेलंच घ्यायचं. आणि त्या दिवशी घरात संडास एकच असंल तर बाकीच्यांना आधी सांगून ठेवा, हसण्यावारी नेऊ नका.

भाकरीवाला
अक्का तुम्ही तर जेवणाचं ताटच काढून घेतलं की ओ. म्हणजे जुलाब पण, नळी पण. मग फायदा काय राहिला? नुसती भूल वाचली?

हुतात्मा_एक्सप्रेस
मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. बाबांच्या वेळी ह्यावर बरंच वाचून काढलं होतं.

फायदे आहेत. भूल नाही त्यामुळं सलाईन नाही, सोबत कुणी लागत नाही, स्वतः गाडी चालवत घरी जाता येतं, दुपारनंतर दुकान उघडता येतं. साध्या कोलोनोस्कोपीत गुंगीचं इंजेक्शन दिलं तर तो दिवस गेलाच. आतड्याला भोक पडायचा धोका दोन्हीकडं कमीच आहे पण सीटीत आणखी कमी. एक गंमत, २०१० मध्ये ओबामांनी व्हर्च्युअल केली होती, भूल नसल्यानं अधिकार कुणाकडं सोपवायचा प्रश्नच आला नाही. २०२१ मध्ये बायडेननी साधी केली तेव्हा भूल होती म्हणून ८५ मिनिटं कमला हॅरिसकडं राष्ट्राध्यक्षाचे अधिकार होते. आपल्याकडं वहिनीकडं गल्ल्याची किल्ली द्यावी लागेल एवढंच.

सापडतं किती, हा खरा प्रश्न. ही पद्धत १९९४ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. २००३ चा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आहे, कसलीच तक्रार नसलेल्या १२३३ लोकांची एकाच दिवशी दोन्ही पद्धतीनं तपासणी केली. १० मिलिमीटर आणि त्याहून मोठे धोक्याचे पॉलिप असलेल्यांपैकी ९३.८ टक्के लोक सीटीत सापडले, कॅमेऱ्यात ८७.५ टक्के. पण ६ मिलिमीटरपर्यंत खाली आलं की सीटी ८८.७ आणि कॅमेरा ९२.३. नंतर २००८ मध्ये १५ सेंटरवर मिळून केलेल्या अभ्यासात मोठ्या पॉलिपसाठी सीटीचा आकडा ९० टक्के आला. म्हणजे मोठा पॉलिप, गाठ ह्यांना सीटी चांगली. ५ मिलिमीटर आणि त्याखालचे तर सीटीत मोजतच नाहीत, त्यातनं लगेच काही होण्याची शक्यता फार कमी म्हणून मुद्दामच सोडून देतात. चपटे, भिंतीला सपाट चिकटलेले पॉलिप मात्र सीटीत निसटू शकतात, ही तिची खरी कमजोर बाजू. म्हणूनच नॉर्मल आली तर सीटी पाच वर्षांनी परत करा म्हणतात आणि कॅमेऱ्याची नॉर्मल आली तर दहा वर्षांनी.

नवी_पेठ
आकडे राहू द्या बाजूला, मी धंदेवाला माणूस, साधं विचारतो. सीटीत कोंब सापडला तर काढणार कोण? सीटी तर नुसता फोटो काढतीय. परत दुसऱ्याकडं जाऊन कॅमेरा घालूनच काढायचा ना? मग परत जुलाब, परत पैसे. एकाच मालाची दोन बिलं.

सीटीवाला
नवी पेठ, चेष्टेनं का होईना पण तुम्ही मुद्द्याचं बोललात. सीटीत नुसतं दिसतं, हात लावता येत नाही. तुकडा घेता येत नाही, कोंब काढता येत नाही. कॅमेऱ्यात दिसला की बहुतेक वेळा तिथंच कापून काढतात, विषय संपला.

मग दुसरं बिल कितीजणांना लागतं? त्याच २००३ च्या अभ्यासात ६ मिमीची रेषा धरली तर जवळपास ३० टक्के लोकांना कॅमेऱ्याकडं पाठवावं लागलं असतं, १० मिमीची धरली तर ७.५ टक्के. म्हणजे बाकीचे भूल न घेता सुटले. पण तुम्ही त्या पाठवलेल्यात असाल तर तुमच्यासाठी दोनदाच. काही मोठ्या हॉस्पिटलात सीटीत काही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच पोट साफ केलेल्यावर कॅमेऱ्याची सोय करतात. अशी सोय आहे का हे विचारून मगच नंबर लावावा, मी तर म्हणतो नसंल तर दहादा विचार करा.

डाळिंब_सांगोला
मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या वडिलांना (वय ६१) मूळव्याध आहे जुनी. गेल्या काही महिन्यांपासून संडासवाटे रक्त जास्त जायला लागलंय, संडास कधी पातळ कधी घट्ट, वजन पण उतरलंय. एका ठिकाणी मूळव्याधीचं औषध चालू आहे, चूर्ण आणि मलम. हिमोग्लोबिन ८ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात. वडील कॅमेऱ्याला अजिबात तयार नाहीत. हा धागा वाचून वाटलं की त्यांची ही सीटीवाली करून घ्यावी, सोलापूरला आणतो. कुठं करू?

सिस्टर_अक्का
भाऊ, नाही. तुमच्या वडिलांना ही टेस्ट नाही. सरळ साधी कोलोनोस्कोपी, आणि त्याच्या पण आधी कुठल्याही सर्जनकडनं बोट घालून तपासणी. दोन मिनटांचं काम आहे. खालच्या भागात गाठ असंल तर बऱ्याचदा बोटालाच लागते. औषध देणाऱ्यानं ते केलंय का विचारा. नुसतं ऐकून चूर्ण दिलं असंल तर आधी दुसरीकडं दाखवा.

व्हर्च्युअल कोलोनोस्कोपीनं स्क्रीनिंग हे भाकरीवाल्यांसारख्यांसाठी, म्हणजे काहीच होत नाही पण वय झालंय म्हणून बघून घेऊ म्हणणाऱ्यांसाठी. रक्त जायलंय, वजन उतरलंय, संडासची सवय बदललीय, साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ८ झालंय, ह्याला स्क्रीनिंग म्हणत नाहीत, हे निदान करायचं काम आहे. तिथं तुकडा काढून लॅबला पाठवावा लागतो, आणि तो सीटीतनं निघत नाही. सीटीत दिसलं तरी कॅमेरा, नाही दिसलं तरी कॅमेरा. मग मधला वेळ का घालवायचा?

आणि मूळव्याध आहे म्हणून रक्त मूळव्याधीचंच असं धरून बसू नका. मूळव्याध असणाऱ्याला आत दुसरं काही होणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. आमच्याकडं येणाऱ्यांत "आम्हाला वाटलं मूळव्याधच" म्हणणारे किती असतात ते मी सांगत बसत नाही. कॅन्सरच असंल असं मी म्हणत नाही हो, अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार) असू शकतो, साधं मूळव्याधीचं रक्त पण असू शकतं. पण बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. वडिलांना सांगा गुंगीचं इंजेक्शन देतात, बहुतेकांना नंतर आठवत पण नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत हे नंबर लावतानाच सांगा, त्या काही दिवस आधी बंद करायला लावतात, नाहीतर मळ काळा, चिकट होऊन आतडं नीट दिसत नाही.

सीटीवाला
+१ अक्का. आमच्याकडं असा पेशंट चिठ्ठी घेऊन आला तर आमचे सर आधी पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन लावतात. आणखी काहीजणांना आम्ही सरळ परत पाठवतो. पोटात अचानक जोरात दुखायलंय, आतड्याला सूज आहे, कोलायटिस भडकलाय, नुकताच पॉलिप काढलाय किंवा तुकडा घेतलाय, गरोदर आहे. अशात गॅसनं आतडं फुगवणं धोक्याचं, आणि गरोदरपणात एक्स-रेच नको. हर्नियात आतडं उतरलं असंल तर ते पण आधी सांगा.

जुळे_सोलापूर
मी केलीय, म्हणून लिहितो. माझी वाट उलटी होती. आधी साधीच कोलोनोस्कोपी केली होती पण आतडं फार वळणाचं निघालं, पूर्वी ऑपरेशन झालेलं त्याची चिकटण पण होती, कॅमेरा उजव्या बाजूपर्यंत पोचलाच नाही. डॉक्टर म्हणले राहिलेला भाग सीटीवर बघू. ही टेस्ट अशा वेळी खरी उपयोगाची असते असं त्यांनी सांगितलं, कॅमेरा अडकला की पुढचं सगळं सीटी दाखवते.

अनुभव सांगायचा तर नळी घालताना लाज जास्त वाटली, दुखलं कमी. अंगावर चादर असते, खोलीत टेक्निशियन अन एक सिस्टर, बाकी कुणी नाही. गॅस सुरू झाल्यावर डाव्या बाजूला खाली जोरात दाबल्यासारखं झालं, मी म्हणलं बास, ते म्हणले थोडं थांबा, तेवढ्यात मशीननं आपोआपच गॅस थांबवला, परत सुरू झाला. पालथं झोपल्यावर पोटावर वजन पडतंय तेव्हा जरा जास्त. स्पीकरवरनं "श्वास घ्या, धरून ठेवा" येतं तेव्हा खरंच धरायचा, हललं तर चित्र फाटतं. उठलो की आधी संडास, मग दोन इडल्या, मग रिक्षानं घरी. संध्याकाळपर्यंत पोट मोकळं झालं.

पण आतडं नॉर्मल आलं आणि दुसरंच शुक्लकाष्ठ मागं लागलं. सीटीत आख्खं पोट येतं ना, तर किडनीत खडा निघाला आणि लिव्हरवर एक डाग. खड्याचं ठीक होतं, सोलापूरचं उन्हाळ्याचं पाणी, खडा कुणाला नसतो. पण लिव्हरवरचा डाग वाचून बायकोची झोप उडाली. सोनोग्राफी केली, साधी पाण्याची गाठ निघाली, काही करायची गरज नाही म्हणाले. तोपर्यंतचा ताप झालाच. काहींना ह्याच्यात मोठ्या रक्तवाहिनीचा फुगा वेळेवर सापडून जीव वाचतो म्हणतात, ते पण खरं असेल. पण ह्या टेस्टला जाताना मनाची तयारी ठेवा, आतड्याशिवायचं काहीतरी निघणार आणि त्याच्या मागं पण एखादी फेरी पडणार.

चादर_कामगार
एक शंका. सीटी म्हणजे शंभर एक्स-रेएवढं रेडिएशन असतंय म्हणे. तपासायला गेला अन कॅन्सर घेऊन आला असं नको.

हुतात्मा_एक्सप्रेस
स्क्रीनिंगसाठी कमी डोसचा स्कॅन लावतात, साधारण ४ ते ८ मिलिसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप). माती, दगड, हवा, आकाश ह्यांच्यातनं माणसाला फुकटात वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतंच. म्हणजे दोन-तीन वर्षांचं एकदम मिळालं. पन्नाशीच्या माणसानं पाच वर्षांतनं एकदा घेतलं तर फायद्यापुढं धोका अगदीच कमी. पण पंचविशीतल्या पोरानं हौस म्हणून करायची ही तपासणी नव्हे. आणि नुसत्या स्क्रीनिंगला शिरेतनं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, कुणी लावत असेल तर कशासाठी ते विचारा.

चादर_कामगार
बरं. अन खर्च? मेडिक्लेम, फुले योजनेत बसतंय का?

सीटीवाला
रेट सेंटरप्रमाणं बदलतो, इथं लिहिला तर उद्या लोक आमच्या काउंटरवर भांडायला येतील 😀 विचारताना मात्र नुसतं "सीटीचे किती" विचारू नका. प्यायचं औषध, जुलाबाचं औषध, रिपोर्ट सगळं धरून किती, हे विचारा. मेडिक्लेम बहुतेक वेळा तक्रार नसताना केलेल्या तपासणीला हात वर करतो, पॉलिसीत हेल्थ चेकअपचं कलम असंल तर त्यात बसतंय का ते एजंटकडनं लेखी घ्या. योजनेचं म्हणाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, तिथं आजाराप्रमाणं बघतात. अमेरिकेत पण ह्याला किती वर्षं लागली बघा, तिथल्या मेडिकेअर ह्या सरकारी विमा योजनेनं २००९ मध्ये ह्या स्क्रीनिंगला नकार दिला होता, पैसे द्यायला लागले ते १ जानेवारी २०२५ पासनं.

नवी_पेठ
आमचे आजोबा भाकरी-आमटी खाऊन नव्वद वर्षं जगले, त्यांनी कुठं तपासलं होतं. ही सगळी अमेरिकेची फॅशन.

हुतात्मा_एक्सप्रेस
थोडं बरोबर आहे तुमचं. आपल्याकडं हा कॅन्सर अमेरिका-युरोपपेक्षा कमीच आहे, आणि हे मी हवेत बोलत नाही, आपल्या बार्शीतच १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदणी चालू आहे, देशातली ग्रामीण भागातली पहिली. सरकारच्या तपासणी मोहिमेत पण तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी सुरू करा म्हणतात, ते जसंच्या तसं आपल्याला लावायचं कारण नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आजोबांच्या काळात कशानं गेले ते कळायचं तरी कुठं, "पोट धरलं अन गेले" एवढंच सांगायचे.

भाकरीवाला
मग मी नेमकं काय करू ते सांगा की. साडूचं झालंय म्हणून मला धोका जास्त का? घरचे तेच धरून बसलेत.

सिस्टर_अक्का
साडू तुमच्या रक्ताचा नाही ओ, बायकोच्या बहिणीचा नवरा. त्याच्यामुळं तुमचा धोका वाढत नाही. त्याच्या पोरांचा अन सख्ख्या भावंडांचा वाढतो, त्यांना सांगा. आई, वडील, भाऊ, बहीण, पोरं ह्यांच्यापैकी कुणाला झालं असंल तर लवकर सुरू करतात आणि तिथं कॅमेराच करतात, सीटी नाही. साडूचं जेवढ्या वयात निघालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून त्याच्या पोरांनी, असा साधारण हिशोब धरतात.

तुमच्यापुढं तीन रस्ते आहेत आणि एक कुणीच सांगितला नाही. फिट टेस्ट. दरवर्षी संडासचा बारीक नमुना डबीत द्यायचा, त्यात डोळ्याला न दिसणारं रक्त आहे का बघतात. जुलाब नाही, पथ्य नाही, स्वस्त. पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर नव्हे, पण मग कॅमेरा करावाच लागतो, तिथं "आता सीटी करतो" म्हणून पळवाट काढायची नाही. निगेटिव्ह आली तर पुढच्या वर्षी परत. लोक एकदा करतात अन विसरतात, तो तिचा दोष नव्हे.

माझं मत विचाराल तर तुमच्या वयाला, एकदाच जुलाब सोसायचे असतील तर सरळ कॅमेरा करा, नॉर्मल आला तर दहा वर्षं मोकळे. भुलीचीच भीती फार असंल, हार्ट-फुफ्फुसाचं काही असंल, रक्त पातळ करायची औषधं बंद करता येत नसतील, तर सीटी उत्तम. काहीच न करता हा धागा वाचत बसणं सगळ्यात वाईट.

सुनबाई_बाळे
अक्का, सीटीवाले दादा, माझ्या सासूबाईंची ही टेस्ट झाली. रिपोर्टच्या शेवटी "सी २, ई ३" असं लिहिलंय. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर सासूबाई विचारून विचारून जीव खायलेत, त्यांना ई ३ म्हणजे तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर वाटायलंय.

सीटीवाला
स्टेजशी काही संबंध नाही, आधी त्यांना हे सांगा. सी म्हणजे आतड्याचं, ई म्हणजे आतड्याबाहेरचं.

सी शून्य म्हणजे पोट नीट साफ नव्हतं किंवा फुगलं नाही, टेस्ट परत. सी १ नॉर्मल. सी २ म्हणजे ६ ते ९ मिमीचे एक किंवा दोन पॉलिप, ह्यात घाई नसते, कॅमेऱ्यानं काढून टाका किंवा तीन वर्षांच्या आत परत बघा, दोन्ही चालतं, वय अन तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. सी ३ म्हणजे १० मिमी किंवा मोठा, नाहीतर ६ ते ९ मिमीचे तीन किंवा जास्त, त्याला कॅमेरा सांगतात. सी ४ म्हणजे गाठ, तिथं थांबायचं नसतं. बहुतेक पॉलिपचं कधीच काही होत नाही, आणि ज्यांचं होतं त्यांना पण साधारण दहा वर्षं लागतात, त्यामुळं सोमवारपर्यंत थांबल्यानं काही बिघडत नाही.

ई ३ म्हणजे आतड्याबाहेर काहीतरी दिसलं, बहुतेक किरकोळच, पण ह्या स्कॅनमध्ये पुरतं कळलं नाही. एखादी सोनोग्राफी सांगतील. रिपोर्टात वर त्याचं वर्णन असणार, आणि सोमवारी सीडी पण घेऊन जा, नुसता कागद नको.

सुनबाई_बाळे
वाचून दाखवलं. "मग एवढे दिवस सांगितलं का नाही" म्हणून आता मलाच बोलायलेत. धन्यवाद दादा 🙏

डाळिंब_सांगोला
वडिलांना काल सर्जनकडं नेलं. बोटानं तपासलं, आत काहीतरी लागतंय म्हणाले, गुरुवारी कोलोनोस्कोपी आणि तुकडा. वडील गप आहेत पण तयार झाले. एक राहिलं विचारायचं, ते रोज हार्टची ॲस्पिरिन घेतात, ती बुधवारी बंद करू का?

सिस्टर_अक्का
बरं केलंत नेलंत ते. ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि चालू पण ठेवू नका, आत्ताच त्या सर्जनच्या दवाखान्यात फोन करा. हार्टचं नेमकं काय झालं होतं, स्टेंट आहे का, कधी बसवला, हे फोनवर सांगा. रक्त पातळ करायची दुसरी कुठली गोळी असंल तर तिचं नाव पाकिटावरचं बघून वाचून दाखवा. गुरुवारी जाताना जुने सगळे रिपोर्ट, हिमोग्लोबिनचा कागद घ्या, आणि गाडी चालवायला दुसरं कुणीतरी न्या, तुम्हाला त्यांच्याजवळ बसावं लागंल.